फूल तोडण्यावरून सुरू झालेली बागेची फेररचना

पार्श्वभूमी

पुण्याच्या पश्चिम भागातील एका गृहनिर्माण संस्थेच्या बागेचे हे प्रकरण आहे. संस्था आणि तेथील रहिवासी ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. बागेची फेररचना करण्याचे काम माझ्याकडे होते, त्यामुळे ही मांडणी त्रयस्थाची नाही. जे निर्णय माझे होते आणि त्यांतले जे चुकले, तेही येथे तसेच नोंदवले आहेत.

सात मजल्यांच्या दोन इमारती समोरासमोर, एक दक्षिणेला आणि एक उत्तरेला, आणि त्यांच्यामध्ये पूर्व-पश्चिम पसरलेले ३० मीटर लांब व २० मीटर रुंद अंगण, अशी जागेची ठेवण होती. पश्चिमेला संस्थेचे सभागृह होते. पूर्वेची बाजू मोकळी होती आणि तेथे कोपऱ्यात पिचकारीचे एक जुने, उंच झाड उभे होते. इमारती बांधताना निघालेला डबर आणि मुरूम अंगणातच पसरून त्यावर जेमतेम सहा इंच लाल माती टाकलेली होती. मधोमध मेक्सिकन लॉनचा मोठा अंडाकृती गालिचा, त्याभोवती सोनेरी डुरांटाच्या झुडपांच्या नागमोडी कडा, कडांच्या आत हंगामी फुलांचे वाफे आणि एक बंद पडलेले कारंजे, अशी ती बाग वरच्या मजल्यावरून पाहिली की नकाशासारखी देखणी दिसे. खाली उतरून बाकावर बसले की मात्र डोळ्यांच्या पातळीवर पाहण्यासारखे, हाताशी येण्यासारखे किंवा वास घेण्यासारखे तेथे फारसे काही नव्हते.

संस्थेच्या कार्यकारिणीला फुलांची मनापासून आवड होती, हे सांगितले पाहिजे. दर वर्षी २६ जानेवारीच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमध्ये भरणारे पुष्पप्रदर्शन पाहून आल्यावर सदस्य सोरतापवाडी-उरुळी कांचनच्या रोपवाटिकांतून पिटुनिया, डायअँथस आणि साल्व्हियाची रोपे गाडी भरून आणत. प्रदर्शनात ही रोपे ऐन बहरात, कुंड्यांमधून, मोजक्या दिवसांसाठी मांडलेली असतात. तोच बहर अंगणातल्या वाफ्यांत तीन महिने टिकावा, अशी या मंडळींची अपेक्षा होती. रोपे आठ-दहा दिवसांत लांब आणि फिकी होत, फुले येणे थांबे, आणि दोष माळीकाकांच्या पाणी देण्यावर जाई.

अडचण

कामाच्या पत्रात तीन तक्रारी होत्या: लॉनला जागोजागी टक्कल पडते, हंगामी फुले टिकत नाहीत आणि रहिवासी फुले तोडून नेतात. मी पहिल्या दोन तक्रारींना रचनेचे प्रश्न मानले आणि तिसरी शिस्तीची बाब म्हणून बाजूला ठेवली. माझा प्राधान्यक्रमच येथे चुकला होता.

तिसऱ्या तक्रारीमागे एक प्रसंग होता. गणेशोत्सवाच्या आदल्या आठवड्यात पहाटे साडेपाचच्या सुमारास एक वयस्कर गृहस्थ फाटकाजवळच्या जास्वंदीची फुले तोडत असताना कोणीतरी त्यांचे छायाचित्र काढून संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. त्यावर जे लिहिले गेले ते कोणालाच शोभणारे नव्हते. पुढच्या आठवड्यात ‘फुले तोडल्यास ५०० रुपये दंड’ अशी पाटी लागली. ते गृहस्थ त्यानंतर बागेत आले नाहीत आणि त्यांच्याबरोबर सकाळी बाकावर बसणारे आणखी चौघे-पाचजणही येईनासे झाले. ज्या बागेसाठी संस्था दर महिन्याला माळी, खत आणि टँकरवर खर्च करत होती, ती बाग ज्यांच्याकडे सर्वांत जास्त वेळ होता त्यांनीच सोडून दिली होती.

मला हे कळले ते माझा पहिला आराखडा मांडण्याच्या सभेत. आराखड्यात सावली सोसणारे गवत, ठिबक सिंचन आणि हंगामी वाफ्यांचे नवे वेळापत्रक होते. मांडणी झाल्यावर पहिल्या मजल्यावरच्या एका आजींनी शांतपणे विचारले, “अहो, हे सगळं छान आहे, पण यातलं एक तरी फूल देवापुढं ठेवता येईल का? नाहीतर वेणीत माळता येईल का?” मी यादीवरून नजर फिरवली. तसे एकही फूल त्यात नव्हते. तो आराखडा मी त्याच सभेत मागे घेतला आणि पुन्हा पाहणी करण्यासाठी तीन आठवडे मागून घेतले.

आपल्याकडे फुलाचे सौंदर्य केवळ पाहण्यात संपत नाही. परडीत वेचलेला प्राजक्त, ओल्या फडक्यात गुंडाळलेला मोगऱ्याचा गजरा, दसऱ्याला दाराला बांधलेले झेंडूचे तोरण ही फुलांची रूपे फूल झाडावरून सुटल्यानंतरची आहेत. ज्या बागेत फुलाला हात लावणे हा गुन्हा ठरतो, ती बाग आपल्या माणसांना अर्धीच भेटते, असे माझे मत या कामात बनले.

पाहणीत काय आढळले

दुसऱ्या पाहणीत मी सावली मोजली. दक्षिणेची इमारत साधारण २२ मीटर उंच होती. पुण्यात २१ डिसेंबरच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशच वर येतो, त्यामुळे या इमारतीची सावली उत्तरेकडे जवळजवळ २० मीटर पडते, म्हणजे अंगणाच्या रुंदीइतकी. मार्चच्या विषुवदिनापर्यंत ती साडेसात मीटरवर येते आणि मेच्या मध्याला सूर्य दुपारी थेट डोक्यावर आल्याने सावली नाहीशीच होते. हिवाळी फुलांना ज्या महिन्यांत ऊन हवे, नेमक्या त्याच महिन्यांत अंगण दिवसभर छायेत होते. फक्त पूर्वेच्या मोकळ्या बाजूने सकाळचे तिरपे ऊन दहापर्यंत आत येई. पाणी, खत, कीड यांपैकी कशानेही पिटुनिया मरत नव्हती. ती चुकीच्या महिन्यात चुकीच्या जागी लावलेली होती.

हे आकडे घेऊन मी माळीकाकांकडे गेलो, तेव्हा त्यांनी मला जमिनीवर ओळीने ठेवलेल्या सहा विटा दाखवल्या. दिवाळीनंतर दर पंधरवड्याला ते दुपारच्या सावलीच्या टोकाला एक वीट सरकवून ठेवत आणि उरलेल्या कुंड्या तिच्या पलीकडे नेत. डिसेंबरात वीट उत्तरेच्या भिंतीला टेकली की कुंड्या पूर्वेच्या कठड्यावर जात. चार वर्षे ते हे करत होते आणि त्यांना कोणी काही विचारले नव्हते. मीही पहिल्या पाहणीत विचारले नव्हते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय बंदी कडक करण्याचा होता: कॅमेरे, दंड आणि पहाटे रखवालदाराची फेरी. कार्यकारिणीतील काहींचा त्याकडे कल होता, कारण त्यात बागेला हात लावावा लागत नव्हता. माझ्या मते त्याने फुले वाचली असती, पण माणसे परतली नसती.

दुसरा पर्याय फुलेच काढून टाकण्याचा होता. क्रोटन, पाम आणि मॉन्स्टेरासारखी पानांची झाडे सावलीत चांगली वाढतात, आणि तोडायला काही नसले की भांडणही नाही. खर्चाच्या दृष्टीने हा पर्याय सर्वांत स्वस्त होता आणि तो मांडणारे रहिवासी समंजस होते. मी त्याला विरोध केला. एका इमारतीच्या प्रवेशद्वारासाठी ती रचना योग्य ठरली असती. एवढ्या घरांना मिळून असलेल्या एकमेव अंगणात वर्षभर एकही ऋतू दिसू नये, हे मला पटले नाही.

कृत्रिम गवताचाही प्रस्ताव आला होता. मेमध्ये थेट डोक्यावर येणाऱ्या उन्हात ते किती तापते आणि मुले त्यावर अनवाणी खेळतात, एवढे सांगितल्यावर तो मागे पडला.

उरलेला पर्याय होता तो लागवडच बदलण्याचा: जागेचे ऊन ज्या महिन्यांत येते त्या महिन्यांत फुलणारी झाडे निवडायची, आणि तोडण्याला रचनेतच जागा द्यायची. यासाठी मी फुलांचे दोन गट केले. जास्वंद, तगर, प्राजक्त, मोगरा ही एक-दोन दिवसांची फुले आहेत. सकाळी उमललेली जास्वंद तोडली नाही तरी बहुधा संध्याकाळपर्यंत मिटते, आणि दुसऱ्या दिवशी नवी कळी उमलते. असे फूल सकाळी नेल्याने बागेचे फारसे काही बिघडत नाही. झेंडूची फुले तर वेळेवर काढली नाहीत तर झाड बी धरू लागते आणि बहर ओसरतो. याउलट निशिगंधाचा दांडा, कर्दळ, शेवंती यांची शोभा दिवसेंदिवस टिकते. तेथे एक दांडा मोडला तर त्या जागी पोकळी राहते. पहिला गट वाटेच्या काठाला, हाताच्या अंतरावर आणि दुसरा वाटेपासून दूर, पाठीमागे, असे साधे सूत्र ठरले. पाटीची गरज अंतरानेच कमी करावी, असा विचार होता.

प्रत्यक्ष कृती

काम मेअखेर सुरू केले, म्हणजे लागवड पहिल्या पावसावर होईल. पुण्याचा पाऊस वर्षाला सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास असला तरी तो बहुतांशी जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पडतो, आणि त्या काळात मुळे धरली तर पुढचा उन्हाळा झाड सोसते. लागवडीच्या पट्ट्यांतील डबर दोन फूट खोल काढून त्या जागी पोयट्याची माती, शेणखत आणि निंबोळी पेंड भरली. हा खर्च एकूण अंदाजपत्रकाच्या जवळजवळ एक तृतीयांश होता आणि तो कमी करण्याचा आग्रह झाला, पण येथे मी अजिबात मागे हटलो नाही, कारण सहा इंच मातीत मोगरा जगतो, फुलत नाही.

लॉन साधारण ३५० चौरस मीटरवरून १२० चौरस मीटरवर आणले आणि मुलांना खेळण्यासाठी ते उत्तरेकडच्या उन्हाच्या भागात ठेवले. उन्हाळ्यात लॉनला चौरस मीटरमागे दिवसाला पाच लिटर पाणी धरले, तर एवढ्या कपातीने रोजचे ११५० लिटर वाचतात.

उत्तरेच्या पट्ट्यात मोगरा लावला, आणि या निवडीचे मला आजही समाधान वाटते. मोगऱ्याची छाटणी हिवाळ्यात करतात, त्याचे पाणी तोडतात आणि त्याला विश्रांती देतात. या अंगणात नेमकी तेव्हाच सावली असते. फेब्रुवारीच्या मध्याला सावली १३ मीटरवर येऊन उत्तरेचा पट्टा दुपारच्या उन्हात येतो, त्याच वेळी खत-पाणी सुरू करायचे, आणि मार्चअखेर कळ्या दिसू लागतात. ज्या सावलीने पिटुनिया मारली तीच मोगऱ्याच्या वेळापत्रकात चपखल बसली. याच पट्ट्यात मोगऱ्याच्या पुढच्या ओळीत जुलैमध्ये झेंडूची रोपे लावायचे ठरले, म्हणजे ती दसऱ्याला फुलावर येतील. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत तेथे दुपारचे ऊन असते. निशिगंध आणि कर्दळ याच भागात, वाटेपासून मागे लावली.

दक्षिणेचा, इमारतीला लागून असलेला पट्टा वर्षातील बराच काळ छायेत राहतो. तेथे तगर, अबोली आणि सोनटक्का लावले. सोनटक्क्याला ओल आणि अर्धी सावली मानवते आणि तो पावसाळ्यात फुलतो. या निवडीत रंगाचाही विचार होता. बहुतेक रहिवासी कामावरून अंधार पडल्यावर परततात, आणि तेव्हा लाल-जांभळी फुले दिसतच नाहीत. तगर, सोनटक्का, मोगरा ही पांढरी फुले मात्र दिव्याच्या मंद उजेडातही उठून दिसतात. वाटेच्या वळणावर कुंतीचे कुंपण घातले, तेही याच कारणाने.

पूर्वेच्या टोकाला प्राजक्त लावला. जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये असा आपल्याकडे संकेत आहे, आणि प्राजक्त त्याला अपवाद मानला जातो. पण पडलेले फूल मातीत माखले तर तेही कोणी उचलत नाही. म्हणून बुंध्याभोवती मीटरभर आळे मोकळे ठेवून त्यापलीकडे, जेथे फांद्या झुकतील तेथे, शहाबादी फरशी सांधे मोकळे सोडून बसवली. पहाटे सहाला तेथे फुले पालथी पडलेली असतात, पांढऱ्या पाकळ्या खाली आणि केशरी देठ वर, आणि करड्या फरशीवर ती टिपकागदासारखी स्वच्छ राहतात. रात्री आदल्या दिवशीचा कचरा झाडून फरशी पुसून ठेवणे एवढेच काम उरते.

दोन निर्णयांवर बराच काथ्याकूट झाला. पहिला पिचकारीचा. तिची मांसल फुले वाटेवर पडून निसरडी होत आणि एका बाईंचा पाय घसरला होता, त्यामुळे झाड काढावे अशी मागणी होती. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार असे झाड तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. पण परवानगी मिळेल की नाही हा माझ्यासाठी दुय्यम प्रश्न होता. झाड निरोगी होते आणि वाट अजून आखायची होती. आम्ही वाट चार मीटर आत घेतली आणि झाडाखाली फक्त पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवले.

दुसरा निर्णय कण्हेरीचा. पूजेसाठी पांढरी कण्हेर हवी, असा ज्येष्ठांचा आग्रह होता. सावली सोडली तर तिला काहीच वावडे नसते, पाणी कमी लागते, फुले भरपूर येतात. परंतु कण्हेरीचे सर्व भाग विषारी असतात आणि या अंगणात तीन-चार वर्षांची मुले दिवसभर असतात. मी नकार दिला आणि त्याऐवजी तगरीची संख्या वाढवली. यामुळे दोन घरे नाराज झाली. पुन्हा तोच प्रसंग आला तरी मी तोच निर्णय घेईन.

परिणाम

पहिल्या वर्षी बाग विरळ दिसली आणि वरच्या मजल्यांवरून तक्रारी आल्या. त्या रास्त होत्या, कारण गॅलरीतून दिसणारी जुनी नक्षी गेली होती आणि नवी लागवड अजून गुडघ्याएवढी होती. एप्रिलमध्ये मोगरा फुलला तेव्हा हे बोलणे कमी झाले. वास सातव्या मजल्यापर्यंत जात नाही. पण संध्याकाळी त्या मजल्यावरची माणसे खाली येऊ लागली.

फूल तोडण्याबाबत कार्यकारिणीने दंडाची पाटी काढली आणि वाटेकाठची फुले सकाळी आठपर्यंत कोणीही ओंजळभर न्यावीत, असे ठरवले. काही आठवडे ते नीट चालले. नंतर लवकर उठणारे परडी भरून नेऊ लागले आणि सातला येणाऱ्यांना काही उरेना. तेव्हा माळीकाकांनीच सुचवले की फुले त्यांनी तोडावीत आणि सभागृहाच्या ओट्यावर एका टोपलीत ठेवावीत. टोपलीसमोर चारजण उभे असले की कोणी दोन ओंजळी घेत नाही. ही व्यवस्था टिकली. छायाचित्राच्या प्रसंगानंतर बागेत येणे सोडलेले ते गृहस्थ प्राजक्ताच्या पहिल्या बहरात, ऑगस्टअखेर, पुन्हा दिसले. आता आदल्या रात्री फरशी पुसून ठेवण्याचे काम ते स्वतः करतात. त्यांना हे कोणी सांगितले नव्हते.

गणेशोत्सवात मात्र मागणी एवढी वाढते की कोणतीही बाग ती पुरवू शकत नाही. त्या दिवसांत सर्व जास्वंद संस्थेच्या गणपतीला आणि घरोघरीच्या पूजेसाठी बाजारातून फुले, असा ठराव झाला आणि तो सर्वांनी मानला.

वेगळे काय करता आले असते

अनंताची चार झाडे मी केवळ सुगंधाच्या मोहाने लावली. अनंताला आम्लधर्मी माती मानवते आणि संस्थेचे कूपनलिकेचे पाणी जड, म्हणजे क्षार जास्त असलेले होते; टँकर कमी झाल्यावर तेच पाणी वाढले आणि वर्षभरात पाने शिरा सोडून पिवळी पडली. लोहाच्या फवारणीने तात्पुरता हिरवेपणा आला, पण फूल आले नाही. पाण्याची तपासणी लागवडीपूर्वी करणे सहज शक्य होते. सोनचाफ्याचे कलमही मी प्रवेशद्वाराची शोभा म्हणून दक्षिणेच्या सावलीत लावले होते. ते दुसऱ्या पावसाळ्यात हलवावे लागले आणि त्या धक्क्यातून सावरायला त्याला वर्ष लागले. सावलीचे आकडे माझ्याच वहीत असताना हे घडले, याची खंत वाटते.

याहून मोठी चूक श्रमाच्या हिशेबाची होती. लॉन कमी झाल्याने माळीकाकांचे काम कमी होईल असे मी कार्यकारिणीला सांगितले होते. मोगऱ्याच्या कळ्या उमलण्याआधी एकेक करून काढाव्या लागतात, आणि बहरात त्यातच त्यांचा रोजचा तास-सव्वा तास जाऊ लागला. पगार मात्र चार तासांच्या कामाचाच होता. पहिले पाच महिने त्यांनी याबद्दल तक्रार केली नाही आणि मीही विचारले नाही. नंतर एका रहिवासी महिलेने सभेत हा विषय काढला, तेव्हा वेळ आणि मेहनताना दोन्ही वाढवले गेले. तोडणीची फुले रचनेत घेताना तोडणाऱ्या हातांचा वेळ अंदाजपत्रकातच धरायला हवा होता.

अनंताच्या जागा सध्या रिकाम्या आहेत. तेथे काय लावावे, हे या वेळी मी माळीकाकांना आधी विचारले. त्यांनी कुंद सुचवला आहे, कारण तो थंडीत फुलतो आणि त्या महिन्यांत बाग पांढऱ्या फुलांवाचून राहते. जागा पूर्वेच्या कठड्याजवळ हवी, एवढी त्यांची अट आहे. तेथे डिसेंबरातही सकाळी दहापर्यंत ऊन असते. विटा त्यांनी पुन्हा मांडायला घेतल्या आहेत.